बोलामास्तरांचा शेल

३ तारीख, सोमवार

आधी घरची खबर, मग माझी. तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना अजून कुरकुरतो, की मी घरात नाही म्हटल्यावर तोही गप्प झाला? आत्याचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? आलं असेल तर ती लावते का? बरं ऐकू आलं की भांडणात पडावं लागतं, म्हणून डबीत ठेवायची तिची जुनी खोड आहे. धाकटीची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, बाळ उचलताना कमरेत वाकू नये, गुडघ्यात वाकावं. तुझं बाळंतपण झालं आहे, तू कुस्ती जिंकलेली नाहीस. आणि तिचं बाळ, आमची छकुली? वरचा दात फुटला का? बोक्याचा कान फाटला होता, तो सुकला असेलच. त्याचं आयुष्य आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

ठरल्याप्रमाणे ही रोजनिशी तुलाच लिहितोय. वही भरत आली की पानं पाकिटात घालून पाठवीन. रोजनिशीची रोजनिशी आणि पत्राचं पत्र.

मी सुखरूप पोचलो. बसवाल्याने थेट फाटकाशी सोडलं. बियाण्यांची प्रयोगशाळा म्हणजे मला वाटलं होतं काचेच्या नळ्या नि धूर. तसं काही नाही. बैठी, लांबलचक इमारत, पुढे चार झाडं, मागे टेकडी. इथे जगभरचं बी तपासतात आणि जपून ठेवतात. मुख्य आहेत त्या डॉक्टरीणबाई. औषध देणाऱ्या नव्हेत, बियांतल्या डॉक्टर. मी म्हटलं, माझ्याकडे पदवी नाही. रेडिओ दुरुस्त करता करता बोटं भाजून शिकलोय. त्या म्हणाल्या, बोटं दाखवा. दाखवली. म्हणाल्या, चालेल.

राखणदार आहे, तोच स्वयंपाक करतो. काडीसारखा आहे, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणतात. माझी पिशवी उचलताना त्याने विचारलं, आजोबा, यात कपडे आहेत की दगड? पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाला, म्हणजे दगडच.

खोली कचेरीच्या वर. खिडकी पूर्वेकडे. गादी बरी आहे. झोप येईल.

५ तारीख, बुधवार

कामाचं सांगतो, म्हणजे आत्याने विचारलं तर तुला सांगता येईल.

इथे चार खोल्यांत चार कॉम्प्युटर. कचेरीत लिनक्स, वजनाच्या खोलीत विंडोज, उगवणीच्या खोलीत एक बीएसडी, आणि बी गोठवून ठेवतात त्या कोल्ड रूममध्ये जुनं युनिक्स, माझ्याच वयाचं म्हणावं असं. इथे कुणी काही फेकून देत नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीचं एकेक यंत्र शिल्लक आहे. व्यक्ती तितक्या प्रकृती. एकाला जो हुकूम कळतो तो दुसऱ्याला कळत नाही, आणि इथे काम करणाऱ्या मुली दिवसभर खोल्या बदलत यंत्रांशी वेगवेगळ्या भाषांत भांडतात. डॉक्टरीणबाईंना सगळीकडे एकच शेल हवा आहे. शेल म्हणजे दुभाष्या. आपण कीबोर्डवर साधा हुकूम लिहायचा, शेलने तो यंत्राला समजावायचा आणि उत्तर आपल्याला आणून द्यायचं.

असा शेल माझ्या आधीच्या माणसाने इथेच बसून लिहिला होता. त्यांना बोलामास्तर म्हणत. कारण काय, तर इतर शेल हुकुमाची वाट बघताना नुसती डॉलरची खूण दाखवतात. यांचा शेल ‘बोला’ असं लिहून थांबतो. बंद करायचा तर ‘येतो’ लिहायचं. निघताना जातो म्हणू नये, हे त्यांनी यंत्रालासुद्धा शिकवलं होतं. मला माणूस न भेटताच आवडला. वर्षभरापूर्वी वारले. हृदय बंद पडलं, असं बाई म्हणाल्या.

त्यांचा सोर्स म्हणजे मूळ लिखाण व्यवस्थित ठेवलेलं आहे. ते माणसाला वाचता येतं, यंत्राला नाही. प्रत्येक यंत्रावर ते नव्याने दळावं लागतं, त्याला कंपाइल म्हणतात. धान्य एकच, जातं वेगळं, म्हणून पीठही वेगळं. लिनक्सच्या जात्याने एकदोनदा दात-ओठ खाल्ले: ही लायब्ररी, म्हणजे लागणारा तयार तुकडा, नाही, ती जुनी. ती मिळवून दिल्यावर सुरळीत दळलं. पी हळद आणि हो गोरी असलं हे काम नव्हे, पण पडद्यावर पहिल्यांदा ‘बोला’ उमटलं तेव्हा मी एकटाच असून नमस्कार म्हटलं.

कचेरीतल्या मुलीने लगेच शाल मागवून घेतली. म्हणते अचानक गार झालं. खिडकी लावली.

८ तारीख, शनिवार

वजनाची खोली झाली. विंडोजला या शेलची गोडी लागायला वेळ लागला; मध्ये एक जुळवणीचा प्रोग्राम पाटासारखा मांडावा लागतो, म्हणजे शेलला वाटतं आपण अजून आपल्याच घरी आहोत. जमलं.

आणि एक गंमत सापडली. मास्तरांच्या शेलमध्ये ‘निरोप’ असा एक हुकूम आहे. जिथे जिथे हा शेल बसवला असेल तिथल्या पडद्यावर आपली ओळ जाऊन उमटते. फोन नको, काही नको. मला राहवलं नाही. आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरही इथूनच, तारेतून, कंपाइल करून बसवून टाकला. काल तू लिहिलंस, अहो, हे काय मधेच बोला बोला करतंय, आधीच घरात बोलणारे कमी आहेत का. ती ओळ मी तीनदा वाचली. आता रोज सकाळी तुझी एक ओळ, माझी एक ओळ.

कचेरीत अजून गारठा आहे. हीटर लावला तरी. मेस्त्री येऊन गेला, भिंती ठोकून गेला, सुस्कारा टाकून गेला. वजनाच्या खोलीतली मुलगी आज स्वेटर घालून आली होती, तिलाही विचारलं. म्हणाली, आजोबा, तुम्ही येता नि मागोमाग थंडी येते, तुम्ही कुठले, उत्तर ध्रुवाचे का?

११ तारीख, मंगळवार

उगवणीची खोली. इथे ओल्या कागदांवर बी मांडून उबेत ठेवतात आणि किती उगवतं ते मोजतात. खोलीत शिरलं की पोटाशी धरल्यासारखं वाटतं. बीएसडीवर कंपाइल एका दमात झालं; फार शहाणं यंत्र.

सकाळी गेलो तर कागदांवरचे कोंब काळे पडले होते. सगळे. डॉक्टरीणबाई एक कागद उचलून उजेडात धरून बसल्या, आणि मग म्हणाल्या की हे गारठ्याने मेलंय. उष्णतामापक ऊब बरोबर दाखवत होता. पण माझ्या तोंडातून वाफ निघत होती, आणि त्यांच्याही.

एक गोष्ट तुला लिहितो, घाबरू नकोस. मी शेल चालू करून पाणी प्यायला गेलो. परत आलो तर खुर्ची यंत्रासमोर नीट ओढलेली होती, बसायला ओढतात तशी, आणि ‘बोला’ पुढे एक शब्द लिहिलेला होता: दार. खाली शेलचं उत्तर: सापडत नाही. पुन्हा दार. सापडत नाही. पडदाभर तेच, वरपासून खालपर्यंत.

मुलींपैकी कुणी गंमत केली असेल. विचारलं. एकीने केली नाही म्हटलं, दुसरी रडायलाच लागली.

१३ तारीख, गुरुवार

पहिलवानाला जेवताना सरळ विचारलं की बोलामास्तर कसे गेले. तो आधी भांडी घासत बसला. मग म्हणाला, हृदय बंद पडलं हे खरंच, पण कुणाचंही पडलं असतं.

कोल्ड रूमच्या दाराला आतून कडी नाही. बर्फाने मोडली, ती पुन्हा बसवली नव्हती. आतल्या यंत्रावर हुकूम दिला की दार उघडतं. सुट्टीच्या दिवशी मास्तर एकटेच आपला शेल त्या यंत्रावर बसवायला गेले. शेल बसला, चालूही झाला. पण दार उघडणारा प्रोग्राम कुठे ठेवलाय, हे नव्या शेलला सांगायचं राहिलं होतं. मागे दार लागलं. त्यांनी लिहिलं असणार दार, आणि शेल म्हणाला असणार, सापडत नाही. थंडीने डोकं चालेनासं होतं, पहिलवान म्हणाला. माणूस तोच तो शब्द लिहीत राहतो. सुट्टी संपल्यावर यानेच दार उघडलं. मास्तर खुर्चीत बसलेले होते. बोटं कीबोर्डवर. नंतर आतून एक घंटा बसवली, ती याच्या खोलीत वाजते.

त्यांना घरचं कुणी नव्हतं. बाईंनी त्यांचा शेल त्या यंत्रावरून पुसून टाकायला सांगितलं होतं, तो पुसला.

म्हणजे हा गारठा — नको. कागदावर आणत नाही.

सकाळी तुझी ओळ आली की कॉम्प्युटरच्या खोलीत फार गार वाटतं, बोकाही तिथे जात नाही, दारात बसून आत बघतो. खिडकीची फट बुजव.

१४ तारीख, शुक्रवार

आज कोल्ड रूम. पहिलवान दार धरून उभा राहिला. जुनं युनिक्स, त्यावर कंपाइल म्हणजे हत्तीला जिन्यावरून चढवणं, पण चढला. शेल बसवला आणि माझ्या नावाचं लॉगिन त्या शेलवर वळवलं, म्हणजे माझ्या नावाने यंत्रात शिरलं की तोच उघडेल.

मग सहज बघितलं की यंत्रात काय काय चालू आहे. त्यात एक शेल आधीपासूनच चालू होता. माझा नव्हे.

तुला हे कळायला हवं. प्रोग्राम पुसला तरी, तो त्या वेळी चालू असेल तर मरत नाही. त्याची फाइल जाते, पण तो यंत्राच्या आठवणीत चालत राहतो, कुणी बंद करेपर्यंत. आणि हे यंत्र आतलं बी खराब होईल म्हणून कधीच बंद केलेलं नाही. मास्तरांनी त्या दिवशी सुरू केलेला शेल वर्षभर चालूच आहे. तिथेच बसून वाट बघतोय. कुणी तरी बोलेल म्हणून.

बंद करणार होतो. हात धजला नाही. चालत्या गाड्याला खीळ घालू नये, आधी बाईंना विचारावं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर कीव आली.

धाकटीचा निरोप आला. छकुलीचे हात गार लागतात. दूध नीट पीत नाही.

१५ तारीख, शनिवार

सगळं बंद करून काढून टाकलं. सकाळी कचेरी, मग वजन, मग उगवण. तुला सांगतो, कचेरीतला शेल पुसला आणि मुलीने शाल खांद्यावरून खाली टाकली, तिच्याही लक्षात न येता. उगवणीच्या खोलीत ऊब परत आली. म्हणजे माझं खरं होतं. मी शेल बसवत नव्हतो. मी एकेक दार उघडून देत होतो.

कोल्ड रूममधलाही माझा पुसला. त्यांचा तेवढा — डॉक्टरीणबाई परवानगी द्यायला जागेवर नव्हत्या, सुट्टीला निघून गेल्या.

घरचा पुसता येत नाही. इथून हुकूम देतो, तो म्हणतो सापडत नाही. तुला फोन केला. तू वायर काढलीस. तू म्हणालीस, वायर काढली आहे, ही बघा माझ्या हातात आहे, आणि पडद्यावर बोला आहे.

छकुलीला पुढच्या खोलीत हलवा. कॉम्प्युटर अंगणात टाका, विहिरीत टाका.

१६ तारीख, रविवार, सकाळ

तू फोनवर रडत होतीस. तू रडत नाहीस कधी.

पुढच्या खोलीत नेली, गारठा मागोमाग आला. शेजारी नेली, तिथेही आला. ओठ निळे. आत्याने तिला पदराखाली घेतलंय, उघड्या अंगाशी, आणि आत्याचेच दात वाजताहेत. डॉक्टर म्हणाले, ताप नाही, काही नाही, फक्त ऊब टिकत नाही, ही ऊब जातेय कुठे.

मला माहीत आहे कुठे.

झाडाच्या फांद्या तोडून काय उपयोग. मूळ कोल्ड रूममध्ये आहे. तो शेल बंद केला की संपलं.

बाईंना फोन लागत नाही. पहिलवान बहिणीकडे गेलाय, परवा येईल. मी एकटाच आहे इथे. दारात खुर्ची अडकवीन. दोन मिनिटांचं काम. दोन स्वेटर घातलेत. वही बरोबर घेतो.

रविवार, दुपार असावी

पेनातली शाई गोठली. पेन्सिलीने लिहितोय.

दार लागलं. खुर्ची अडकवली होती. ती आत सरकली, पायाने सरकवावी तशी, आणि यंत्रासमोर येऊन उभी राहिली. बसायला.

घंटा दाबली. रिकाम्या खोलीत वाजत असेल. फोन इथे लागत नाही.

माझ्या नावाने लॉगिन होत नाही. कारण कळलं तेव्हा हसू आलं. माझं लॉगिन मी नव्या शेलवर वळवलं होतं आणि काल तोच शेल पुसला. परत वळवायला विसरलो. बसलो ती फांदी तोडली. शिकाऊ माणसाची चूक, या वयात.

उघडा आहे तो एकच. त्यांचा.

बोला.

—

लिहिलं, मास्तर, दार उघडा.

उत्तर आलं. दार आता मला सापडतं. उघडतो. तुम्ही बाहेर जा. हा शेल तेवढा चालू ठेवा. मला तिकडे राहू द्या.

घरी निरोप धाडून बघितला. अगं, छकुली कशी आहे. अगं, मी अडकलोय, कुणाला तरी पाठव.

उत्तर तुझं नव्हतं. बसा निवांत. छकुलीकडे मी बघतो.

—

त्यांचा राग येत नाही गं. वर्षभर असे बसून — मी घटकाभर बसलोय तर बोटं परकी झाली. ऊब कुणाला नको असते. त्यांना लिहिलं, मास्तर, ते लेकरू आहे, एवढंसं अंग, त्याची ऊब ती किती. पुरायची नाही तुम्हाला.

बोटं काखेत धरून बसलो.

मग: अजून थोडी.

—

दार उघडलंय. हातभर. बाहेरचं ऊन दिसतंय, जमिनीवर पट्टा. चार पावलं. मी उठलो की ते —

उठलो नाही.

चालू ठेवून बाहेर गेलो तर घरी येऊन कुणाला तोंड —

—

बंद केला. विचारलं त्याने, नक्की? हो लिहिलं. पुन्हा विचारलं. हो. तिसऱ्यांदा विचारलं, त्यात ‘दादा’ म्हटलं मला. हो.

पडदा काळा. दार त्याच क्षणी — ठीक आहे. माहीत होतं.

खोलीत कुणी नाही आता. ते कळतं. थंडीच आहे, साधी, यंत्राची.

—

झोप येतेय. पहिलवान परवा येईल, पानं टपालात टाकील. पत्ता पाकिटावर लिहिलाय, अक्षर वाकडं आलंय.

तू लगेच लिही. कागदावर, हाताने. फार नको, एक ओळ. मी वाट बघतोय. एवढंच कळव की तिचे हात आता गर